भिंतीवरचं कापसाचं बोंड

आमच्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीवर कामाचा तक्ता मी रंगवून घेतला, हे खरं आहे. त्या तक्त्याबद्दल निवृत्तीच्या दिवशी माझं कौतुक झालं, शाल मिळाली, हेही खरं. पण त्या कौतुकात सांगितलेली एक गोष्ट खोटी होती, आणि ती मी शाल सावरत, मान डोलावत ऐकून घेतली. युसुफभाई गुडघे दुखतात म्हणून स्वतःहून काम सोडून गेले होते आणि वानखडे साहेबांनी, म्हणजे मी, मोठ्या मनानं त्यांना परत आणलं, अशी ती गोष्ट. आता माझेच गुडघे दुखतात. सगळं गुडघ्यांवर ढकलणं किती सोयीचं असतं ते कळलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांनी जिनिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतातून वेचून येतो तो कापूस सरकीला घट्ट चिकटलेला असतो. तो मशीनमध्ये घातला की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडते. रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, सरकी तेलासाठी विकायची. आमचं काम एवढंच. सोनाळ्याच्या वाटेवर, सातपुड्याकडे तोंड करून आमची फॅक्टरी होती. हंगाम दिवाळीच्या तोंडावर सुरू व्हायचा, त्यामुळे दिवाळी अंक मी आयुष्यभर होळीनंतर वाचत आलो. त्यात कधी स्वतः लिहीन असं वाटलं नव्हतं.

मी लागलो तेव्हा मोठे शेठ, मी आणि पाच-पंचवीस माणसं-बाया असा कारभार होता. कोण काय करतं, असं कोणी विचारलंच नाही. ज्याचा हात रिकामा, त्यानं समोरचं काम उचलायचं. आम्हाला त्याचा अभिमानही होता. एका घरासारखे आहोत म्हणायचो.

मग बीटीचं बियाणं आलं. सुरुवातीची काही वर्षं बोंडं अशी लागली की झाडं वाकायची. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, आणि ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत जाऊ लागली. शेठनी मशिनी वाढवल्या, माणसं वाढवली, आणि आमचं ते घर कोलमडलं.

एकदा एका म्हाताऱ्या कास्तकारानं, म्हणजे शेतकऱ्यानं, वजनकाट्यावर हुज्जत घातली. मोठ्या शेठनी त्याला एक भाव सांगितला होता, मी त्याहून कमी सांगितला होता.

"मले तिसऱ्या साहेबाचा भाव पसंत हाये," तो म्हणाला.

"तिसरा कोण?"

"तो काय, आता चहा देऊन गेला तो."

हसू येतं खरं, पण त्या दिवशी म्हाताऱ्यानं आम्हाला चहावाल्याचाच भाव द्यायला लावला. त्याचं काय चुकलं? आमच्यापैकी कोणाचा शब्द धरायचा, हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. कापसाच्या मोठ्या ढिगाला आम्ही गंजी म्हणतो. ओला कापूस आत राहिला की गंजी पोटातून तापते. एके दुपारी एका गंजीतून धूर निघाला. सगळे धावले, आणि सगळे एकाच पाण्याच्या पंपाकडे धावले. मशिनी चालूच राहिल्या. शेजारच्या बंड्या कोणी हलवल्या नाहीत. आग विझली तोवर अर्धी गंजी काळी झाली होती. मोठ्या शेठनी एकच विचारलं, "मशीन बंद करायचं काम कोणाचं होतं?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा करील.

त्याच वर्षी छोटे शेठ पुण्याहून शिकून परत आले. आल्या आल्या म्हणाले, "पप्पा, आपल्याकडे ऑर्गनायझेशन चार्ट पाहिजे."

मोठ्या शेठनी विचारलं, "किती हॉर्सपॉवरचा येतो?"

तो चार्ट बसवायचं काम माझ्याकडे आलं. कोण कोणाच्या हाताखाली, कोणी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे मी ठरवू लागलो. भाव सांगेल तो वजन करणार नाही. वजन करील तो पैसे देणार नाही. गंजीची निगा राखणाऱ्यानं दुसरीकडे फिरायचं नाही. इतकी वर्षं ही तिन्ही-चारी कामं मीच करत आलो होतो. मला वाटलं, माझ्या इमानावर संशय आहे. दोन दिवस मी छोट्या शेठशी कामापुरताच बोललो.

माझे डोळे माझ्या साळ्यानं उघडले. तो दरवर्षी पाणी मारलेला कापूस आणायचा आणि माझ्यासमोर बसून बहिणीची खुशाली विचारायचा. मी काय बोलणार? त्या वर्षी त्याला म्हटलं, "भाव प्रकाश ठरवतो, त्याच्याकडे जा." प्रकाश आमचा ग्रेडर, म्हणजे कापूस पाहून प्रत आणि भाव सांगणारा. त्यानं मूठभर कापूस दाबून पाहिला आणि साळ्याला सरळ कापूस सुकवायला पाठवलं. घरी बायको दोन दिवस फुगली, पण प्रकाशवर. तेव्हा मला कळलं की कामं वाटून देण्यात नुसता संशय नसतो. भल्या माणसाला नाही म्हणायची सोय त्यात असते. मी मनापासून तक्त्याच्या बाजूचा झालो, आणि आजही आहे.

तक्ता कागदावर ठेवला तर पाहणार कोण, म्हणून भिंतीवर रंगवायचं ठरलं. ट्रकांच्या मागे मोर आणि गुलाब काढणारा गजानन पेंटर बोलावला. छोट्या शेठचं म्हणणं, भिंतीवर फक्त पदं लिहा. मी अडून बसलो की नावं लिहू, माणसाला आपलं नाव भिंतीवर दिसलं की काम आपलं वाटतं. त्यांनी ऐकलं. मी चुकलो होतो, पण ती चूक मजेची निघाली. तक्त्याचा रंग वाळतो न वाळतो तोच काट्यावरचा रामदास सुरतेला निघून गेला आणि त्याच्या जागी शिवाजी आला. भिंतीवर बाण काढून लिहिलेलं, "वजन : रामदास". कास्तकार आला की बाणाकडे पाहून शिवाजीला हाक मारायचा, "ओ रामदासभाऊ!" आधी तो चिडायचा, मग ओ द्यायला लागला. पुढे शिवाजी रजेवर गेला की आमचीच माणसं विचारायची, "आज रामदास कोण हाये बे?" शिवाजीच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा मित्रांनी कंसात रामदास छापलं.

आता युसुफभाई.

ते सोनाळ्याचे, पिंजाऱ्याच्या घरातले. बापजाद्यांचा धंदा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. तरुणपणी कधीतरी गादीसाठी रुई घ्यायला आले आणि आमच्याकडेच राहिले, असं ते स्वतः सांगत. उंच, किडकिडीत, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. हातात पाण्याचा गडवा. दिवसभर फाटकापासून रांगेच्या शेवटच्या बंडीपर्यंत चकरा मारायचे आणि बोलायचे. कोणाच्या बैलाचं, कोणाच्या पोरीच्या सोयरिकीचं. मी खिडकीतून पाहायचो तेव्हा ते कुठल्यातरी बंडीच्या चाकाला टेकून हसत उभे असायचे.

तक्त्यासाठी मी प्रत्येकाला त्याचं काम विचारत होतो. युसुफभाईंनाही विचारलं, "तुमचं काम काय लिहू?"

"लिहा ना भाऊ," ते म्हणाले, "चहा पेतो."

सगळे हसले. मीही हसलो, आणि काहीच लिहिलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला पुढे फार वेळा विचारला. पण त्या दिवशी मला चौकटी भरायच्या होत्या, आणि हा माणूस कुठल्याच चौकटीत बसत नव्हता. भाव ते सांगत नव्हते, वजन करत नव्हते, मशिनीला हात लावत नव्हते.

गजाननचं काम संपत आलं तेव्हा खाली उजवीकडे एक चौकट रिकामी राहिली. बाण तिच्यापर्यंत आला होता. शिडीवरून त्यानं विचारलं, "साहेब, इथी कोणाचं नाव?"

मी म्हणालो, "युसुफभाईंचं यायचं होतं, पण राहू दे. तिथं कापसाचं बोंड काढ. शोभेचं दिसेल."

त्यानं काढलं. ते बोंडापेक्षा फुलगोबीसारखं दिसत होतं, आणि बायांनी त्याला पहिल्याच दिवशी गोबी हे नाव दिलं.

हंगाम सुरू होताना छोट्या शेठनी हजेरीपट आणि भिंत ताडून पाहिली. "अंकल, हे युसुफ करतात काय?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "मग तुम्हीच ठरवा." निर्णय माझ्यावर सोडला होता, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे लोकांनी दोष त्यांना दिला आणि मी देऊ दिला.

मी युसुफभाईंना सावलीला बोलावलं. म्हटलं, "यंदा जरा आराम करा. तुमचे गुडघेही दुखतात."

"माह्ये?" त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. "अच्छा. भितीवर नाही, म्हून हजेरीत नाही. ठीक हाये भाऊ." गडवा त्यांनी माठाजवळ उपडा घातला आणि गेले. कुरकूर केली असती तर बरं झालं असतं.

तो हंगाम बोंडअळीचा होता. बीटीला जी अळी लागायची नाही म्हणत होते, तीच आतून बोंडं पोखरत होती. औषधांवर औषधं मारून लोक थकले होते. वेचलेल्या कापसात पिवळे, चिकटलेले, किडके पुंजके निघत होते. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. प्रकाश ढिगात हात घालायचा आणि एवढंच बोलायचा, "कवडी." पुढे भाव. तो त्याचं काम चोख करत होता. पण तो एक शब्द ऐकून माणसांचे चेहरे कसे होत ते मला आजही आठवतं. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल एका शब्दात, आणि तोही अनोळखी माणसाच्या तोंडून.

त्र्यंबक नावाचा कास्तकार होता, जवळच्याच एका खेड्याचा, पस्तिशीचा. दरवर्षी आमच्याकडेच माल आणायचा. त्याची ट्रॉली काट्यावर चढली. प्रकाशनं हात घातला, "कवडी" म्हणाला, भाव सांगितला. त्र्यंबकनं ट्रॅक्टर बंद केला, चावी खिशात टाकली आणि काट्यावरच खाली बसला.

वजनकाटा अडला म्हणजे सगळं अडलं. मागे रांग, वर ढग भरून आलेले. हिवाळ्यातला अवकाळी पाऊस उघड्या कापसावर पडला तर रांगेतल्या प्रत्येकाचं नुकसान.

शिवाजी म्हणाला, "माह्यं काम वजनाचं. हटवायचं माह्याकडे नाही."

प्रकाश म्हणाला, "मी भाव सांगतला. माह्यं झालं."

फाटकावरचा म्हणाला, "फाटकाच्या आत माह्यं नाही."

कोणी कामचोर नव्हतं. जे भिंतीवर लिहिलं होतं तेच प्रत्येक जण बोलत होता. आणि खरं सांगतो, मीसुद्धा वळून भिंतीकडे पाहिलं. हे काम कोणाच्या चौकटीत आहे ते शोधत होतो.

"भितीले काय पाह्यता साहेब?" त्र्यंबक खालून म्हणाला. "माह्याकडे पाहा ना."

मी पाहिलं. तो रागावलेला नव्हता. त्याचे डोळे भरले होते.

"कवडी हाये, हे मले नाही समजत का? माह्याच वावरातली हाये. पण मले कोणी आधी काऊन नाही सांगतलं? दरसाल तो युसुफभाई मांगंच, रांगेतच सांगे. त्र्यंबक, एवढा वरचा कापूस चांगला हाये, तो अलग कर, खालचा अलग कर, दोन भाव येतीन. आन् साहेब आत असं असं म्हणतीन, तू वाईट नको मानू, असं म्हणे. यंदा चार बाया रोजानं लावून वेचला, आन् मले चारचौघांत निसतं, कवडी! तो युसुफभाई कोठी हाये?"

इतकी वर्षं मी खिडकीतून जे पाहत होतो ते त्या घटकेला मला दिसलं. युसुफभाई बंडीला टेकून बैलांची चौकशी करायचे तेव्हा त्यांचा एक हात कोपरापर्यंत कापसात असायचा. ओला आहे का, किडका किती आहे, हे बोलता बोलता कळायचं. मग पुढे टेबलावर जे ऐकावं लागणार ते ते आधीच, हळू आवाजात, पाण्याच्या गडव्याबरोबर सांगून ठेवायचे. माणूस प्रकाशसमोर उभा राही तेव्हा धक्का पचलेला असायचा. आमच्या काट्यावर इतकी वर्षं भांडणं विकोपाला का गेली नाहीत याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला देत होतो.

मी मोटारसायकल काढली.

युसुफभाई घरापुढच्या ओट्यावर गादी भरत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. ते सुई ओवत राहिले.

"बसा भाऊ. ह्या बाईची गादी भरून राह्यलो. तिचा नंबर पह्यला, मांगून तुमचा."

ती बाई लाजून म्हणाली, "जाऊ द्या ना चाचा, संध्याकाळी नेतो मी."

"नाही बाई. रांग म्हणजे रांग."

मी बसलो. ढगांकडे बघत, एका गादीचे चारही काठ शिवून होईपर्यंत बसलो. मग ते उठले, रुमाल झटकला आणि माझ्या मागे बसता बसता म्हणाले, "हळू चालवा बरं. माह्ये गुडघे दुखतात."

मी किक मारली. बोलायला हवं होतं.

काट्यापाशी येऊन त्यांनी आधी माठाजवळचा गडवा उचलला, विसळला, भरला. त्र्यंबकच्या शेजारी मांडी घालून बसले.

"काय बे त्र्यंबक, मायचं डोयाचं ऑपरेशन झालं का?"

"झालं चाचा."

"दिसते आता?"

"दिसते. माह्याच्यातल्या खोड्या जास्त दिसतात म्हणते."

दोघं हसले. पाणी पिऊन झालं. मग युसुफभाई ट्रॉलीवर चढले आणि वरचा पांढरा कापूस एका बाजूला ओढू लागले. त्र्यंबकही चढला. मशिनीवरच्या दोन बाया ठरलेलं काम सोडून आल्या, आणि मी त्यांना अडवलं नाही. दोन ढीग झाले, दोन भाव झाले. वाईट मालाचा भाव वाईटच होता, तो युसुफभाईंनाही बदलता येणार नव्हता. पण ट्रॅक्टर पुढे सरकला. पाऊस आला तोवर मागच्या बहुतेक बंड्या शेडखाली होत्या.

छोटे शेठ हे सगळं लांबून बघत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "अंकल, तक्ता चुकला नाही. अर्धा राहिला." मग युसुफभाईंना विचारलं, "चाचा, तुमच्या कामाला नाव काय देऊ?"

"काम तर तुमच्या तक्त्यानं सोपं केलं शेठ," युसुफभाई म्हणाले. "आधी इथी तीन जणांचे तीन भाव. मी कोणता सांगू कास्तकाराले? आता परकाश बोलते तेच खरं, म्हून मी मांगं जाऊन खातरीनं सांगू शकतो. तक्ता राहू द्या."

हे ऐकून मला जास्तच लाजल्यासारखं झालं. ज्याला मी तक्त्याबाहेर ठेवलं तोच तक्त्याची बाजू घेत होता.

गजाननला बोलावून बोंड पुसायचं आणि तिथं नाव लिहायचं ठरलं. युसुफभाईंनी हात हलवला. "नको. गजाननं सांगतलं मले, ते कोणाच्या जागी काढलं. राहू द्या मले त्या गोबीतच. मस्त हाये."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. बोंड काढायला मी सांगितलं, गुडघ्यांचं मी बनवलं, हेही. त्यानंतर त्यांनी आणखी काही हंगाम काम केलं. एकदाही तो विषय काढला नाही, आणि त्यांच्या गप्प राहण्याची मी सोय करून घेतली. माझ्या निवृत्तीच्या वेळी त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. भाषणात गुडघ्यांचा उल्लेख आला तेव्हा उठून, "थांबा, असं नव्हतं," म्हणायला दोन वाक्यं पुरली असती.

गेल्या हंगामात मी सहज फॅक्टरीत गेलो. भिंतीला नवा रंग, तक्ता आता संगणकावर आहे म्हणे. फाटकावर एका मुलीनं मला पाणी दिलं. सोनाळ्याचीच, बीकॉम झालेली, नाव दीपाली. मी विचारलं, "तू इथं काय करतेस?"

"मी युसुफभाई हाये," ती म्हणाली.

तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तिच्या नावाखाली तेच छापलं होतं. पगाराच्या यादीतही तसंच आहे, दुसरं नाव कोणाला सुचलंच नाही. मी कोण हे कळल्यावर ती हरखली. "म्हणजे ही पोस्ट तुम्हीच काढली ना काका? सगळे सांगतात. मले एक विचारायचं होतं. युसुफभाई म्हणजे काय हो? मले वाटते कापसातलाच काही जुना शब्द असंन."

मी तिला खाली उजव्या कोपऱ्याकडे घेऊन गेलो. रंगवणाऱ्यानं सगळी भिंत रंगवली होती, तेवढी गोबी मात्र सोडली होती. तिच्यासमोर उभं राहून मी सांगितलं की युसुफभाई हा एक माणूस होता, ही जागा त्याची होती, आणि ती मी काढली नाही, मी ती झाकली. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष फाटकाकडे जात होतं. बाहेर एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता.

"काका, मी येतोच," ती म्हणाली, आणि गडवा भरून गेली. मी खिडकीशी उभा राहिलो. ती ट्रॉलीला टेकली, एक हात कोपरापर्यंत कापसात गेला, आणि तिनं ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "काय मामा, गाय व्याली का?"